लांडगा, पाच वाजून चाळीस मिनिटांनी

माझ्या हातून आजवर एकही गाडी उशिरा सुटलेली नाही! स्वारगेटच्या स्टँडवर बत्तीस वर्षं मी टाइमकीपर होतो. शिट्टी, वही आणि घड्याळ, एवढ्यावर अर्धं पुणं हलवलं. त्यामुळे आमच्या बिबवेवाडीतल्या चौदा पोरांना सफारीला न्यायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. म्हणजे कोणी दिलं नव्हतं. मीच घेतलं.

सफारी सासवडच्या पुढच्या माळरानावरची. शहरातल्या मुलांना आपल्या शेजारचे प्राणी दिसावेत म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी ही योजना काढली होती. एका वस्तीतल्या मुलांना एकच फेरी, आणि अट एवढीच की मूल बारा वर्षांच्या आतलं हवं. आमच्या कोपऱ्यावरच्या नियाज टेलरच्या मेहनाजला नेमकी हीच अट लवकरच आडवी येणार होती. फेरी रविवारी, आणि पुढच्या शुक्रवारी तिला बारा पूर्ण! पोरगी दोन वर्षं लांडग्यापायी वेडी झालेली. वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवलेली जाडजूड वही तिच्याकडे होती, पण प्रत्यक्षात तिने गल्लीतल्या कुत्र्यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

"आजोबा, लांडगा नक्की दिसेल?" तिने विचारलं.

"पाच चाळीसला," मी म्हणालो.

"त्याला कळवलंय का?" स्वयंपाकघरातून आमच्या हिचा, म्हणजे आनंदीचा, आवाज आला.

मी दुर्लक्ष केलं. मी वेळापत्रक छापून प्रत्येक घरी वाटलं होतं. चार पंचावन्न प्रवेश, पाच पंधरा चिंकारा, पाच चाळीस लांडगा, पाच पंचावन्न चिवडा. खाली तीन नियम. एक, गाडीतून उतरायचं नाही. दोन, तोंडातून आवाज काढायचा नाही. काही सांगायचं असेल तर बोट वर करून आजोबांच्या परवानगीची वाट पाहायची. तीन, प्राणी दिसला की तो आपणहून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. आठवडाभर गच्चीवर सराव घेतला. झोपेतसुद्धा बोलणारा सात वर्षांचा शौनक शेवटी बोट वर करून चार मिनिटं गप्प बसला, तेव्हा मला अक्षरशः भरून आलं!

माळरानावर आम्हाला वरून उघडी असलेली मोठी गाडी मिळाली. चालवणारे रावसाहेब तिथल्याच गावचे. बोलता बोलता कळलं की गृहस्थ अठ्ठावीस वर्षं हडपसरच्या बसवर ड्रायव्हर होते! म्हणजे घरचाच माणूस. वेळापत्रकाची एक प्रत त्यांच्या हातात ठेवून मी निश्चिंत झालो. तिथेच चुकलं.

पाच पंधराला चिंकारा आला नाही. पाच वीसलाही नाही. एक टिटवी तेवढी ओरडत फिरत होती आणि ती वेळापत्रकात नव्हती.

"आज सुट्टी आसंल त्येंची," रावसाहेब म्हणाले.

मागे मेहनाज वही उघडून बसली होती. तारीख घातलेली, 'लांडगा' असं ठळक लिहिलेलं, पुढे रेघ मोकळी. त्या मोकळ्या रेघेकडे मला बघवेना. पोरीला शब्द देऊन बसलो होतो, आणि पुढच्या रविवारी तिला कोणी आत घेणार नव्हतं.

एवढ्यात शौनकची पाण्याची बाटली गाडीबाहेर पडली. त्याने बोट वर केलं. शहाणं बाळ! रावसाहेबांनी गाडी थांबवली.

"काका, खाली उतरू नका. मी बघतो."

"अहो, नियम मुलांसाठी आहेत. ते मीच लिहिलेत!"

मी उतरलो, बाटली उचलून शौनकच्या हातात दिली. आता वर चढायचं, एवढंच राहिलं होतं. पण बत्तीस वर्षांची सवय! गाडीशेजारी उभं राहिलं की माझी नजर आपोआप आत जाते. मी खालूनच डोकी मोजली. चौदा. बरोबर! हात खिशात गेला, शिट्टी तोंडात आली, आणि मी झोकात दोनदा वाजवली.

आता बसमध्ये एक म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डबल पडली की ड्रायव्हर मागे बघत नाही. रावसाहेबांनीही बघितलं नाही. गिअर टाकला आणि निघाले!

गाडीतल्या सगळ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकदम चौदा बोटं वर गेली. आवाज एकाचाही नाही! इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. ती चौदा बोटं माझ्या परवानगीची वाट बघत धुळीतून लांब लांब गेली.

थांबवायचं तर एकच शिट्टी मारायची होती. पण घाबरलेल्या माणसाच्या छातीतून एकच शिट्टी निघत नाही हो! फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. रावसाहेबांना वाटलं, काकांना उशीर होतोय. त्यांनी वेग वाढवला.

धूळ खाली बसली. मागे काहीतरी सळसळलं म्हणून वळलो, तर वीस पावलांवर लांडगा उभा! घड्याळात पाच चाळीस. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी क्षणभर मला अभिमान वाटला.

मग मी बाभळीवर चढलो. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही नाराज, तरी चढलो. पँट मागून फाटली, काटे नको तिथे टोचले. लांडगा सावकाश जवळ आला, झाडाखाली बसला आणि वर बघू लागला.

पुढचं मला मेहनाजने सांगितलं. फाट्यावर रावसाहेबांनी "काका, डावीकडं का उजवीकडं?" म्हणून मान वळवली, तर काका नाहीत आणि चौदा बोटं वर! "काय रं?" त्यांनी विचारलं. कोणी बोलेना. परवानगी देणारा झाडावर होता. शेवटी मेहनाजनेच नियम मोडला. "आजोबा राहिले!"

गाडी परत येताना दिसली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आता हे हॉर्न वाजवतील, लांडगा पळेल, मी उतरेन! पण तीस पावलांवर रावसाहेबांनी इंजिन बंद केलं. चौदाही पोरं कठड्याला चिकटून उभी. चिडीचूप.

मी रावसाहेबांना हाताने खुणा केल्या. त्यांनी माझंच वेळापत्रक उंच धरलं आणि तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं.

नाइलाजाने मी फांदी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. कोणीही परवानगी दिली नाही.

माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. मेहनाजच्या हातातून वही खाली पडली होती आणि तिला पत्ता नव्हता. ती दोन्ही हात तोंडावर घेऊन नुसती बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा तिने हात हलवला नाही. त्या पोरीचा चेहरा बघून मी बोट खाली घेतलं. बघ बाई, पोटभर बघ, म्हटलं.

अकरा मिनिटं! मग लांडग्याने जांभई दिली, अंग ताणलं आणि माळ उतरून गेला. चिवडा सहा मिनिटं उशिरा झाला. माझ्या कारकिर्दीतला हा एकमेव उशीर.

सोमवारी नियाजने पँट शिवून आणून दिली. "काका, मेहनाज रात्रभर तुमच्याबद्दल बोलत होती," म्हणाला. आणि वही दाखवली. मोकळी रेघ भरली होती: 'लांडगा एक. वेळेवर.' खाली तिने चित्र काढलं होतं. लांडगा हुबेहूब. झाडावर मीही हुबेहूब, पण मागच्या बाजूने.

संध्याकाळी रावसाहेबांचा फोन आला.

"काका, येत्या रविवारी हडपसरची पोरं येणारेत. लांडगा दिसलाच पायजे म्हन्तायत. तुम्ही मोकळं हाय का?"

मी आनंदीकडे पाहिलं. तिने भाजी निवडता निवडता मानसुद्धा वर केली नाही.

"जा की," ती म्हणाली. "फक्त जुनी पँट घाला."