काकांच्या हातातली वेणी

थोरलीने वेणी कापली त्याला कारण साधं होतं. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती आणि वाकली की वेणी पेशंटच्या तोंडात जायची. पण त्यांच्या घरात मुलींच्या केसांना कात्री लावायची नाही असा दंडक होता, आणि वडलांच्या माघारी काका तो डोळ्यांत तेल घालून जपत. म्हणून रोज घरी परतताना थोरली जिन्यात थांबायची, कापलेली वेणी चापांनी मानेपाशी अडकवायची आणि चोरासारखी घरात शिरायची. स्वतःचीच लाज वाटायची, पण काकांसमोर जीभ उचलत नव्हती.

रविवारी काकांचे जुने साहेब बायकोला घेऊन चहाला आले.

"इकडे ये गं. फिर पाठमोरी," काका म्हणाले. "बघा साहेब, जन्मात कात्री लागलेली नाही!" आणि कौतुकाने त्यांनी वेणीला जरासा हिसका दिला.

वेणी हातात आली.

साहेबांची बायको किंचाळली. काका पांढरेफटक पडले. "मी... मी हळूच ओढली हो!"

"अहो, पोरीची वेणी उपटलीत!" काकू बर्फ घेऊन धावत आली. थोरलीच्या डोळ्यांत लाजेनं पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, कळ आली.

"पोरीच्या जातीवर हात टाकताना जरा सांभाळावं माणसानं," साहेब म्हणाले आणि अर्धा चहा टाकून निघून गेले.

काका तिच्या डोक्यावर बर्फ धरून बसले. "फार दुखतंय का गं? तुझ्या बापाला काय उत्तर देऊ मी?"

आता मात्र तिला राहवेना. "काका, तुम्ही नाही उपटली. मीच कापलीय. केव्हाच."

बर्फ खाली पडला. "मग दुखलं नाही?"

"नाही. चुकलं माझं."

"कापलीस ते?"

"नाही. लपवलं ते."

काका फरशीवरचा बर्फ गोळा करत बसले. शेवटी काकूच उठली. "साहेबांना फोन करून खरं काय ते सांगते. उगाच गैरसमज नको."

"खबरदार!" काका ओरडले. मग आवाज उतरला. "घरातली पोरगी माझं ऐकत नाही हे कळण्यापेक्षा, मी उपटली असंच राहू दे."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं. त्यांनी मान खाली घातली.

थोरलीने आपली मान वर केली.