शिंगं काढण्याची दादांची पद्धत

सकाळच्या चहाला मुलगा सहज म्हणाला, "दादा, या वासराची शिंगं आताच काढून टाकू," आणि दादांच्या हातातला कप बशीत खणखणला. वासरू चारच दिवसांचं होतं. शिंगं यायचीच होती. कपाळावर केसांखाली बोट फिरवलं तर दोन बारीक टेंगळं लागायची, एवढंच.

"कशाला?" दादा म्हणाले.

"मागच्या महिन्यात आईची बरगडी थोडक्यात वाचली, म्हणून."

"तिला बाजूला व्हायला काय झालं होतं?"

(वडीलधाऱ्यांचा न्याय हा असा. ढुसणी गाय देते आणि चूक निघते खाणाऱ्याची.)

दादांची बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "वासराचं नंतर बघू रे. आधी यांची काढायला कोणी मिळतं का बघ."

दादांनी ते ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं; कान त्यांचे शाबूत होते. गेले होते ते डोळे. दोन-तीन वर्षं सगळं जग त्यांना दुधाच्या पिशवीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, आणि ती कोणाला कळलेली नाही अशी त्यांची खात्री होती. गोठ्यातल्या सगळ्या गाई काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या. दादांना त्यांचे ठिपके दिसायचे नाहीत, एक राखाडी ढग दिसायचा. पण गोठ्याच्या दारातून उजेड यायचा, त्या उजेडावर शिंगं काळी उमटायची, आणि शिंगांवरून ढग ओळखता यायचा. दोन्ही शिंगं आत वळलेली ती कमान. एक टोक तुटलेलं ती मोडकी. आणि सरळ उभ्या शिंगांची ती कंदिलीण, शिंगं आणि नाव दोन्ही पणजीकडून आलेली.

पहिल्या कंदिलिणीचं नाव दादांनीच ठेवलं होतं. गोठ्यात वीज नव्हती त्या दिवसांतली गोष्ट. खुंटी सापडली नाही म्हणून दादांनी तिच्या शिंगाला कंदील अडकवला, आणि ती शहाणी बाई धार संपेपर्यंत मान न हलवता उभी राहिली. पुढे तो रिवाजच झाला. बायको तेव्हा नवी होती, पदर तोंडावर धरून हसायची. बादलीत पहिली धार पडली की पत्रा वाजायचा, मग दूध चढेल तसा आवाज जाड होत जायचा, आणि त्या आवाजावर दोघं काहीबाही बोलत बसायची. पोरगं रांगायला लागलं तेव्हा त्याला तिथंच गवतावर सोडायचे. ते कंदिलिणीचं शिंग धरून उठून उभं राहायला शिकलं. आज तेच पोरगं शिंगं काढायला निघालं होतं!

आठवणी सगळ्या खऱ्या होत्या. पण दादांच्या विरोधाचं कारण त्या नव्हत्या. कारण भीती होती. उद्या बिनशिंग्या गाई झाल्या की आपण मोडकीला कमान म्हणणार, घरात कळणार, आणि गोठा पोराच्या हाती जाणार. मग आपण ओसरीवरच्या खुर्चीत. येणाऱ्याजाणाऱ्याला 'बसा' म्हणायला ठेवलेलं सामान.

"ज्याला परीक्षेला बसता आलं नाही, तो मला गाई शिकवणार," दादा म्हणाले.

"बसलो होतो," मुलगा म्हणाला. "पेपर बघून उठून आलो."

गुरांचे डॉक्टर आले. टकलावरचा घाम पुसत त्यांनी टेंगळं चाचपली आणि समजावून सांगितलं. एक पद्धत डाग द्यायची: तापलेलं लोखंड कोंबावर टेकवायचं, आधी बधिर करायचं इंजेक्शन. दुसरी मलमाची: कोंबावर जाळणारं मलम लावायचं, भोवती व्हॅसलिनचं कडं, म्हणजे मलम पसरत नाही. तीही आत्ताच, पहिल्या आठवड्यात. उशीर झाला की शिंग कवटीला पक्कं होतं, मग करवत आणि रक्त.

दादांनी "उशीर झाला की" एवढंच मनात धरलं.

"घाई नको," ते म्हणाले. "मी दोन्ही पद्धतींचा अभ्यास करतो."

अभ्यास असा चालला: डाग द्यावा तर वास येतो, वासाने बाकीच्या गाई दूध चोरतात. मलम लावावं तर वासरू अंग घासतं, मलम डोळ्यात जातं. ('डोळ्यात' म्हणताना दादा दचकले आणि विषय बदलला.) मुलगा लोखंडाच्या बाजूने बोलला की दादा मलमाचे गुण गात, तो मलमावर आला की यांना लोखंडाची आठवण येई. बायको भांडी आपटायला लागली. दोन दिवस घरात कोणी सरळ वाक्य बोललं नाही.

शेवटी मुलगा मलम घेऊनच आला. "दादा, आज लावतोय. तुम्ही या, नाहीतर येऊ नका."

"लावायचं तर मी लावणार," दादा गरजले. "माझ्या हाताशिवाय वासरू उभं राहत नाही."

मुलाने आश्चर्याने पाहिलं आणि हातमोजे पुढे केले. एवढ्या लवकर म्हातारा वळला कसा? म्हातारा वळला नव्हता. म्हाताऱ्याने तिसरी पद्धत शोधली होती. मलमाच्या जागीही व्हॅसलिनच थापायचं. शिंगं आपल्या वेळेला येतील, मलम कुचकामी ठरेल, डॉक्टर खोटे पडतील, आणि दादा म्हणतील, मी सांगत नव्हतो?

मुलाने वासराचं डोकं मांडीत धरलं, कोंबांवरचे केस कातरले, भोवती व्हॅसलिनचं कडं काढलं. "आता मलम," तो म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच वासराने लाथ झाडली. दोन्ही डब्या गवतात घरंगळल्या.

"दादा, मी याला सोडू शकत नाही. निळ्या झाकणाची घ्या!"

दादा गवत चाचपू लागले. एक डबी सापडली, दुसरी सापडली. दोन्ही झाकणं राखाडी. विचारायची सोय नव्हती. दादांनी दोन्ही उघडून बोटाने पाहिलं, हातमोज्यातून दोन्ही सारखीच गुळगुळीत लागली. मग अनुभवी माणसासारखी मान हलवून त्यांनी एक पसंत केली आणि तिच्यातलं व्हॅसलिन दोन्ही कोंबांवर चोपडलं.

"वा!" मुलगा म्हणाला. "बरोबर मध्यभागी. हात आहे हं तुमचा."

पोराच्या तोंडून कौतुक, आणि तेही फसवणुकीबद्दल. दादांना गुदगुल्या झाल्या. जिंकलेल्या माणसाचा हात आपोआप मिशीकडे जातो. दादांची मिशी झुपकेदार, दोन्ही टोकं वर वळवलेली. त्यांनी आधी डावं टोक पिळलं, मग उजवं. हातमोजा तसाच होता.

चहाला बसेपर्यंत ओठाच्या दोन्ही बाजूंना मुंग्या आल्या. पहिल्या घोटाला मुंग्यांचे मुंगळे झाले.

"अगं, चहात काय घातलंयस?"

बायको वळली आणि किंचाळली. "अहो, मिशी! मिशी गळतेय!"

पुढचा सगळा गोंधळ नळाखाली झाला. बायकोने मानगूट धरून तोंड धारेखाली दाबलं, मुलगा डॉक्टरांना फोन करत होता, डॉक्टर फोनवर "भरपूर पाणी, मग व्हिनेगर, मी येतोच वासरू बघायला" असं ओरडत होते. मिशीची दोन्ही टोकं मोरीतून वाहून गेली. मधलं जे उरलं ते इतकं केविलवाणं दिसत होतं की बायकोने कात्री घेऊन तेही उतरवलं. दादा खुर्चीत बसले, ओठावर फडकं, अंगाला लोणच्याच्या बरणीसारखा वास.

मुलगा दोन डब्या घेऊन समोर उभा राहिला. "दादा, मिशीला मलम लागलं कसं?"

"मलम? मी तर व्हॅसलिन—" दादा म्हणाले आणि थांबले. उशीर झाला होता.

"म्हणजे वासराला व्हॅसलिन लावायला निघाला होतात?"

दादांनी वाट पाहिली, आता येईल ते वाक्य: उद्यापासून गोठ्यात यायचं नाही.

बायको जवळ येऊन बसली. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज धारेला मी मोठ्यानं बोलते ना, 'सरक गं कमाने', 'पाय काढ गं मोडके'? ते काय त्यांना सांगते? त्यांना ठाऊक आहेत त्यांची नावं."

दादांनी ओठावरचं फडकं डोळ्यांना लावलं. व्हिनेगरमुळे नसावं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकता का?"

"दादा, गोठा तुमचाच आहे," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. आवाज रागाचाच होता; त्याला दुसरा आवाज येत नसे. "माझ्या नावावर करून मला काय शेण जास्त मिळणार आहे? डोळे तेवढे दाखवून या. मोतीबिंदूच असेल. काढतात आजकाल पटकन."

एवढ्यावर दुसरा कोणीही विरघळला असता. दादा उठले. "मला सगळं दिसतं," ते म्हणाले. "आज जरा घाई झाली. बाकी माझ्या गोठ्यात मला कोणी काही दाखवायची गरज नाही."

आणि फडकं फेकून, ताठ मानेने, एकटे चालत ते गोठ्यात गेले. पाठोपाठ बायको आणि मुलगा. दारातून उजेड येत होता. कोपऱ्यात वासरू बसलेलं त्यांना दिसलं, खाली मान घालून, गरीब. दादा अंदाजाने वाकले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गुळगुळीत. कोंबाचा मागमूस नाही. एवढ्यात गुण आला! पोराचं मलम खरंच जोरदार होतं, हे त्यांना मान्य करावंच लागलं. दादांचा राग उतरला.

"शहाणी गं माझी बाय," ते कुरवाळत म्हणाले. "दुखलं नाही ना? कुठं शिंग होतं ते सांगतासुद्धा येणार नाही आता."

"दादा," डॉक्टर म्हणाले, "वासरू माझ्या मागं आहे."