बिनघोड्याचे सरदार

जनूकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसलेच नाहीत. मी खुर्ची पुढे केली, पंखा लावला, पाणी आणलं. काका आपले दारात उभे. हातात बांबूची लांब काठी, तिच्या टोकाला पितळी टोपण. त्यांनी मान वर केली, काठी उचलली आणि आमच्या हॉलच्या स्लॅबवर ठोकली. ठण्ण. दोन पावलं पुढे सरकून पुन्हा ठोकली. ठण्ण. कोपऱ्यात, टीव्हीच्या बरोबर वर, ते जरा थबकले. डोळे मिटून ऐकू लागले.

"इथं ढप वाजतंय," ते म्हणाले. "टीव्ही हलवा."

मग ऐसपैस बसून त्यांनी चहा मागितला.

टीव्ही आम्ही हलवला नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडचं कुणीच त्या कोपऱ्यात बसत नाही. माझे मिस्टर डोलवीच्या पोलाद कारखान्यात शिफ्ट करतात, कशाला घाबरत नाहीत. तेसुद्धा पायजम्याची नाडी बांधायची झाली तर कोपऱ्यातून बाहेर येऊन बांधतात.

काका रिटायर झाले आणि सुमतीकाकूंना घेऊन रोह्यात आमच्या शेजारी राहायला आले. दोन घरांच्या मध्ये फक्त एक पेरूचं झाड. काका मूळचे पेणच्या खाडीकडचे. घरातली सगळी मिठागरात राबणारी. तरुणपणी एका ओळखीच्या माणसाच्या मागे ते चंद्रपूरकडे गेले आणि कोळशाच्या खाणीत उतरले. म्हणजे जिथे आभाळाशिवाय दुसरं काही नाही अशा जागेतून उठून, जिथे आभाळच नाही अशा जागी. तिथे ते सरदार झाले. खाणीत सरदार म्हणजे आपल्या भागातल्या माणसांच्या जिवाची काळजी घेणारा. माणसं आत सोडायच्या आधी यानं जायचं, छत ठोकून ठण्ण वाजतंय की पोकळ ढप ते ऐकायचं, हवा तपासायची, आणि यानं 'चला' म्हटल्यावरच बाकीच्यांनी यायचं.

हे काकूंच्या माहेरी, खांब गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात, कुणाला माहीत असणार? "गावात आवई उठली, सुमीला सरदाराचं स्थळ आलंय," काकू सांगतात. "सगळी घोड्याची वाट बघत बसली. हा आला यष्टीतून. कानामागं कोळसा तसाच."

"घासून आलेलो," काका कुरकुरतात. "तो निघत नाय."

मी शिक्षिका. दुपारी माझी शाळा सुटली की मी कधीकधी त्यांच्या पडवीत टेकायची. कुंडलिका नदीवरून वारा यायचा, पेरूची सावली जमिनीवर हलायची, काकू सुपात वाल निवडायच्या आणि काका खाणीत शिरायचे.

"खाण उघडायची म्हंजे काय, ठाव हाय? लोकांना वाटतं खड्डा खणला, कोळसा काढला. नाय पोरी. आधी वाटा. एक नाय, दोन. एकीनं हवा आत, दुसरीनं भायेर. एक वाट बसली तर माणूस दुसरीनं निघाला पायजे. मग छताला टेकू. मग पाणी कुठून झिरपतं ते बघायचं. काडेपेटी कोणाच्या खिशात नाय ना, ते बघायचं. हे सगळं होईस्तवर कोळशाला बोट लावायचं नाय."

"आणि वरच्यांना घाई असली तर?"

"कोळसा काय पळून जात नाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, दूधवाला उशिरा आला, काकूंनी जेवायला हाक मारली, उत्तर एकच. आणि ते म्हणताना आवाज असा खाली जायचा की मला पडवीच्या खाली कुठेतरी लांबलचक काळे रस्ते पसरल्यासारखे वाटायचे. तिथे म्हणे डबा खाताना सगळे बत्त्या विझवून बसायचे. मग काळोख अंगावर पांघरुणासारखा यायचा आणि लांब कुठे पाण्याचा थेंब पडला तरी प्रत्येकाला तो आपल्याच शेजारी पडल्यासारखा वाटायचा. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. जागी झाले की वालांचा सळसळ आवाज, आणि काका अजून आतच.

माझ्या नणंदेचं लग्न पेणला एका हॉलमध्ये होतं. काकांना आग्रहानं बोलावलेलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात आणि बँडवाले गायब. शोधलं तर काका त्यांना मागच्या अंगणात एका ओळीत उभं करत होते. बँडवाल्यांनी आपला मोठा ढोल मागच्या दारात टेकवला होता आणि हॉलला दारं दोनच.

"दुसरी वाट अडवायची नाय," काका ढोलवाल्याला समजावत होते.

"काका, लग्न हाय, खाण नाय," तो म्हणाला.

"लग्नात तर जास्तच लागते दुसरी वाट," काका गंभीरपणे म्हणाले. ढोलवाला इतका हसला की त्यानं मुकाट्यानं ढोल उचलला. मुहूर्त थोडक्यात वाचला. व्याह्यांनी मात्र विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, सरदार.

आम्हाला हे सगळं सवयीचं झालं होतं. पण मग गेल्या पावसाळ्यानंतर काकांनी स्वतःच्या घराला हात घातला.

आधी मागची भिंत फोडून नवं दार काढलं. मग घरातले सगळे उंबरठे उखडले. मग बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत, तिथून अंगणापर्यंत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर जाड दोर ठोकला. दोराला गाठी. एक गाठ म्हणजे वळण, दोन म्हणजे पायरी, तीन म्हणजे दार. गॅसची शेगडी हलवली, देवघरातला दिवा उचलून उंच कोनाड्यात ठेवला. कपाटाचे कोपरे करवतीनं कापून गोल केले.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. म्हातारा घराची खाण करतोय. मिस्टर म्हणाले, "त्यांच्या मुलीला नागपूरला कळवूया का? हे काही बरं लक्षण नाही." मला वाईट वाटलं, पण मलाही तसंच वाटत होतं. काकूंशी आधी बोलावं म्हणून मी एका दुपारी गेले. काका बाजारात गेलेले.

दारात उभी राहिले. भर ऊन होतं, पुढचं दार सताड उघडं. काकू समोरच, जरा बाजूला तोंड करून बसलेल्या. त्यांनी विचारलं, "कोन गो?"

मी नाव सांगायच्या आत त्या उठल्या, भिंतीचा दोर धरला. बोटं एका गाठीवरून, मग दोन गाठींवरून गेली, आणि पायरी उतरून त्या थेट माझ्यापुढे आल्या. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "तू व्हय! बस ना."

मग काकूंनीच सांगितलं. पेणच्या डॉक्टरांच्या मते काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली थेंबांनी जमेल तितकी टिकवायची. काकूंनी काकांना कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. लोकांनी हात धरून चालवलेलं त्यांना नको होतं.

"डॉक्टरकडनं आलो त्या दिवशी मी लय रडले," काकू म्हणाल्या. "हा मग म्हनतो, सुमे, अंधार म्हंजे काय ते मला इचार. मी तिथं राह्यलोय. तिथं मानसं डबा खातात, भांडतात, गानी म्हनतात. फकस्त आत जायच्या आधी वाटा करायच्या. अजून उजेड हाय तोवर." त्यांनी दोरावरून हात फिरवला. "लोकं याला येडा म्हनतात ना?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हनू देत. मी पन म्हनते."

घरी येऊन मी मिस्टरांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ते करवत घेऊन आमच्या ओट्याचा पुढे आलेला लाकडी खांब कापायला बसले, काकूंच्या येण्याजाण्यात यायचा म्हणून. कारण विचारलं तर गल्लीला म्हणाले, वाळवी लागली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर काका एक दिवस आमच्याकडे आले. बसायच्या आधी छत ठोकायला विसरले, म्हणजे काहीतरी मोठं होतं. "तुझ्या घरवाल्याची गाडी मिळंल का एक दिवस? हिला मिठागर बघायचंय. एवढ्या वर्षांत मी दावलंच नाय."

आम्ही चौघं पेणच्या पुढे खाडीच्या बाजूला गेलो. बांधावर गाडी थांबली. समोर चौकोनी चौकोनी पाणी, त्यात आभाळ, आणि बांधांवर मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी. वारा होता, पण सगळं इतकं स्तब्ध की पांढरं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. काका एकदम लहान दिसू लागले. काठी गाडीतच राहिली होती आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"समोरचं तेवढंच दिसतं ना तुला?" त्यांनी काकूंना विचारलं. "गोल? बाजूला काळं?"

"व्हय."

"टोपीवरच्या बत्तीत तसंच दिसतं. आख्खी खाण मी तशीच बघितली. मान फिरवायची, हळूहळू. एका दमात बघायचं नाय. तुकडा तुकडा जोडायचा." त्यांनी राशींकडे बोट केलं. "मी खाली पयल्यांदा उतरलो ना, तवा लय भ्यालो. डोळे मिटले तर हे दिसलं. हे पांढरं. मग रोज हेच घेऊन आत जायचो. कोनाला बोललो नाय. तू बी बघून घे, सुमे. नीट बघून घे."

काकूंनी बघितलं. डाव्या टोकाच्या राशीपासून सुरुवात केली. मान हळूहळू फिरत होती, एक रास, एक बांध, पाण्याचा एक चौकोन, वर उडालेला एक बगळा. आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो, मध्ये सावलीसुद्धा येऊ दिली नाही. मान फिरत फिरत उजवीकडे आली, शेवटच्या राशीवरून पुढे सरकली आणि काकांवर येऊन थांबली.

बराच वेळ ती तिथेच होती.

काका अवघडले. "माझ्यात काय बघतेस? मीठ बघ."

"मीठ बघून झालं," काकू म्हणाल्या. "उभे राव्हा नीट. हलू नका."