कॉकटूजचं प्रगतिपुस्तक

"आई, हरलो याला दुसरं काय म्हणता येईल?" श्रेयसने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"हरलो," विमलबाई म्हणाल्या आणि त्यांनी गवारीची पुढची शेंग मोडली.

केलीव्हिलच्या त्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला गवार पसरली होती आणि दुसऱ्या टोकाला कंबरलँड कॉकटूज या व्यावसायिक बेसबॉल संघाचा अख्खा हंगाम. श्रेयस टेंबे हा या संघाचा डेटा अ‍ॅनालिस्ट. चाळीस सामन्यांपैकी कॉकटूज नऊ जिंकले होते. उरलेल्या एकतीस सामन्यांसाठी तो सकाळपासून सभ्य शब्द शोधत होता. डिसेंबरात लागोपाठ हरलेल्या अकरा सामन्यांना त्याने 'शिकण्याचा सलग काळ' म्हटलं होतं. कॅनबेरात एकाच डावात चौदा धावा दिल्या, त्याला 'प्रेक्षकांसाठी भरगच्च दुपार' असं नाव दिलं होतं.

हंगामाचा आढावा घेणारी ही बत्तीस पानी पुस्तिका शनिवारच्या सभासद-भोजनात वाटायची होती आणि तिची फाइल आज पाचच्या आत छापखान्यात पोचायला हवी होती. जनरल मॅनेजर ग्लेनने बजावलं होतं, "पॉझिटिव्ह ठेव, मेट." जाता जाता त्याने हेही सांगितलं होतं की श्रेयसचं एक वर्षाचं कंत्राट या महिन्यात संपतंय आणि त्याला कायम करायचं की नाही ते बोर्ड पुस्तिका पाहून ठरवेल. श्रेयसला कायम व्हायचं होतं. सात वर्षांत त्याची ही चौथी नोकरी होती आणि दर वेळी 'पुढच्या वर्षी बघू' ऐकून त्याला कंटाळा आला होता.

विमलबाई मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं वर्गशिक्षिका होत्या. नोव्हेंबरात त्या मुलाकडे आल्या आणि त्याच आठवड्यात बेसबॉलचा हंगाम सुरू झाला. सून मयूरा वेस्टमीडला लॅबमध्ये, नात स्पृहा शाळेत; घरात एकटी बसून आई कंटाळेल म्हणून श्रेयस त्यांना पहिल्या सामन्याला घेऊन गेला. त्यानंतर त्यांनी घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. जाळीच्या मागे तिसऱ्या खुर्चीवर त्या टोपी, चहाचा थर्मास आणि दोनशे पानी वही घेऊन बसत. खेळ त्यांना पहिल्याच दिवशी पटला होता. धावफलकावर धावांच्या शेजारी चुकांचाही एक आकडा असतो, हे कळल्यावर तर त्या भारावून गेल्या होत्या.

"चुका सगळ्यांसमोर लावतात! क्रिकेटवाल्यांना जमलं का हे कधी?"

खटकली होती ती एकच गोष्ट. "हा मॅकेन्झी, याच्यापुढे पॉइंट दोनशे एकतीस लिहिलंय, ते काय?" त्यांनी आताही विचारलं.

"फलंदाजीची सरासरी. शंभरदा प्रयत्न केला तर तेवीसदा जमलं."

"म्हणजे तेवीस टक्के. आणि यांच्यात पहिला कोण?"

"ओकली. एकोणतीस टक्के."

विमलबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "पस्तीस एकालाही नाहीत? अरे, सबंध वर्ग नापास आहे हा!"

"आई, बेसबॉलमध्ये तीस म्हणजे खूप चांगले."

"हेच माझ्या वर्गातला काटकर सांगायचा."

साडेतीनला श्रेयस उठला. स्पृहाला स्विमिंगहून आणायचं होतं. "आई, तेवढं स्पेलिंग आणि बेरजा बघून ठेवशील? मी सव्वाचारला येतो."

तो गेला. विमलबाईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि तपासायला बसल्या. स्पेलिंगच्या सात चुका आणि बेरजेची एक चूक सापडली. मग खेळाडूंचा तक्ता आला. चोवीस नावं, पुढे आकडे आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना. तो पूर्ण रिकामा होता. खरं तर तिथे मुख्य प्रशिक्षक लिहिणार होता, पण त्याने चोवीसही जणांसाठी 'गुड किड' एवढंच पाठवलं होतं, म्हणून श्रेयसने ते पुसलं होतं आणि आल्यावर तो रकानाच काढून टाकणार होता. विमलबाईंना हे ठाऊक नव्हतं. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून प्रगतिपुस्तक वर्गाबाहेर जाऊ देणं त्यांना चौतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. त्यांनी आपली वही आणली.

लिहिलं इंग्रजीतच, शाळेच्या पत्रव्यवहारातल्या इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर ते शेरे असे होते. मॅकेन्झी: 'चेंडूमागे मनापासून धावतो. दिशा आधी ठरवावी.' ओकली: 'वर्गात पहिला, परंतु वर्ग बेताचा असल्याने हुरळून जाऊ नये.' फलंदाजाच्या मागे बसणारा कॅचर डेनिस: 'सतत शेजाऱ्याशी बोलतो.' दोघा जुळ्या भावांना मिळून एकच शेरा होता: 'थुंकणे बंद करावे.' राखीव खेळाडू हॅरिस: 'उपस्थिती उत्तम. याहून अधिक सांगण्यासारखे नाही.' आणि संघाचा चेंडू टाकणारा महत्त्वाचा पिचर, साडेसहा फुटी ब्रॉडी: 'कष्टाळू मुलगा. डोळे बारीक करून पाहतो. डोळे तपासून घ्यावेत. तोपर्यंत पहिल्या बाकावर बसवावे.'

मग त्यांच्या लक्षात आलं की पालकांच्या सहीचा रकानाच नाही. तो त्यांनी पुढे वाढवला. शेवटच्या पानावर कर्मचाऱ्यांची यादी होती. शिपाई असो वा हेडमास्तर, नियम सगळ्यांना सारखा. तिथेही दोन्ही रकाने पाडले, पण त्यातल्या एकाच माणसाला त्या नीट ओळखत होत्या, म्हणून एकच शेरा लिहून बाकीचे 'माहिती नाही' असे भरले.

स्पृहाचं स्विमिंग लांबलं, वाटेत ट्रॅफिक लागला आणि श्रेयस घरात शिरला तेव्हा पाचला चार मिनिटं होती.

"आई, सगळं बघितलंस?"

"सगळं पूर्ण केलं. तू एकदा नजर घाल."

"तू बघितलंस ना? मग झालं," श्रेयस म्हणाला आणि फाइल पाठवून मोकळा झाला.

"डॅड, यू डिडंट इव्हन लुक," स्पृहा म्हणाली. पण मुलांचं कोण ऐकतं!

शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती आणि टेबलांवर तीनशे पुस्तिका. भाषणं व्हायची होती. श्रेयस सॅलडच्या रांगेत असताना पहिलं हसू ऐकू आलं. मग दुसऱ्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने वाचलं, "थुंकणे बंद करावे." हॉलभर पानं उलटायला लागली. आपण थुंकण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, एवढं श्रेयसला खात्रीने आठवत होतं. त्याने जवळची पुस्तिका उघडली. सगळे शेरे वाचून होईपर्यंत त्याच्या ताटलीतला बीटरूट बुटावर पडला होता.

तो आईच्या टेबलाकडे धावला. विमलबाई शांतपणे पाव्हलोवा केक खात होत्या.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"पूर्ण केलं. सांगितलं होतं की."

"अगं, मी फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं होतं! माझी नोकरी आहे ही!"

"मग पाठवायच्या आधी वाचायचं होतंस," विमलबाई म्हणाल्या. बोलणं बरोबर होतं आणि त्यामुळेच श्रेयसला ते सहन झालं नाही.

तेवढ्यात ग्लेन आला. चेहरा लाल होता. "मेट, हे कोणी लिहिलं?"

खरं सांगावं तर आईकडून काम करून घेतलं असं होणार. श्रेयस म्हणाला, "बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र परीक्षण करून घेतलं."

"स्वतंत्र परीक्षण," ग्लेनने शब्द घोळवून पाहिले. तेवढ्यात मुख्य प्रायोजकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, ग्लेन! तीन वर्षांत पहिल्यांदा या क्लबने खरं काहीतरी छापलं!" ग्लेनचा चेहरा पूर्ववत झाला. दोनच मिनिटांत तो व्यासपीठावरून सांगत होता की यंदा क्लबने मुद्दाम स्वतंत्र परीक्षण करून घेतलं आहे. "आणि ते तज्ज्ञ आज इथे आहेत का, श्रेयस?"

तीनशे माणसं श्रेयसकडे बघायला लागली. श्रेयस बुटावरच्या बीटरूटकडे बघत राहिला. त्याच्या मागे खुर्ची सरकली आणि विमलबाई, वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर उभ्या राहत तशा, उभ्या राहिल्या.

"मीच," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावरून ब्रॉडी उठला. हातात पुस्तिकेची सुरळी. साडेसहा फूट उंचीचा माणूस चालत येताना वाटेतले लोक आपोआप बाजूला होत होते. श्रेयस आई आणि ब्रॉडी यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, पण तो ब्रॉडीच्या खांद्याला लागत होता.

"मॅम," ब्रॉडी म्हणाला, "माझे डोळे चांगले आहेत."

"हो का?" विमलबाईंनी हॉलच्या टोकाला टांगलेल्या फळ्याकडे बोट केलं. "वाच."

ब्रॉडीने डोळे बारीक केले. "चिकन."

"अंतर साठ फूट. तू तिकडे उभा राहतोस आणि डेनिस इकडून कुठला चेंडू टाकायचा त्याची बोटांनी खूण करतो. पुन्हा वाच."

"चिकन... काहीतरी."

फळ्यावर 'कार पार्क पाचला बंद होईल' असं लिहिलं होतं.

कुणी हसलं नाही. कॅचर डेनिस उभा राहिला. "ब्रॉडी, म्हणून तू मी सांगतो त्याच्या उलट टाकतोस?"

ब्रॉडीने हातातली सुरळी उलगडली. "दोन बोटं की तीन ते मला दिसत नाही," तो म्हणाला. "अंदाजाने टाकतो. सांगितलं असतं तर काढून टाकला असता मला."

"डोळ्यांसाठी कुणी शाळेतून काढतं का?" विमलबाई म्हणाल्या आणि आवाज एकदम मऊ झाला. "चष्मा लाव. घरी सांगितलंस का?"

ब्रॉडीने नकारार्थी मान हलवली. त्याची आई लांब वॅगाला असते आणि सही फोटो काढून पाठवली तर चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल, विमलबाई म्हणाल्या, पण आईने वाचून केलेली हवी. मग सगळेच घरी फोन करायला लागले. जुळ्या भावांची आई तर हॉलमध्येच होती. तिने तिथल्या तिथे सही केली आणि थुंकण्याबद्दल दोघांना चार शब्द सुनावले.

श्रेयस भिंतीला टेकून उभा होता. ब्रॉडीचे चेंडू असे का भरकटतात, यावर त्याने हंगामभरात चाळीस आलेख काढले होते. हाताचा कोन, चेंडूचा वेग, वाऱ्याची दिशा, आदल्या रात्रीची झोप. डोळ्यांचा आलेख नव्हता. त्याला लाज वाटली आणि आईचा अभिमानही वाटला, आणि या दोन्हींचा त्याला सारखाच राग आला.

मंगळवारी ब्रॉडीने चष्मा लावून सराव केला. बुधवारी ग्लेनने श्रेयसला बोलावलं. तो हसत होता.

"बस, मेट. पुस्तिका जोरात गेली. बोर्ड खूष आहे. तुला खरं सांगायचं तर सोमवारी सगळ्यांनी हात वर केले होते, तुला कायम करायचं म्हणून."

"थँक यू, ग्लेन! थँक यू सो मच!"

"थांब. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, परीक्षकांचं याबाबतीत काय म्हणणं आहे ते बघू. त्यांचं ब्रॉडीचं बरोबर निघालं, डेनिसचं, जुळ्यांचंसुद्धा. म्हणून आम्ही पान बत्तीस उघडलं."

"बत्तीसवर काय आहे?"

ग्लेनने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तू तुझी पुस्तिका अजून पूर्ण वाचली नाहीस?"

श्रेयसने बत्तीसावं पान उघडलं. कर्मचाऱ्यांच्या यादीत अकरा नावांपुढे 'माहिती नाही' होतं. बाराव्या नावापुढे लिहिलं होतं: 'श्रेयस टेंबे. हुशार. आकड्यांत गती. परंतु लिहिलेला पेपर एकदाही परत वाचत नाही. कायम करण्याची घाई करू नये. आणखी एक वर्ष पाहावे.' आणि त्यापुढे, पालकांच्या सहीच्या रकान्यात, टाइप केलेलं नाव: विमल मुरलीधर टेंबे. तीनशे पुस्तिका छापल्या तेव्हा अख्ख्या रकान्यात भरलेली तेवढी एकच जागा होती.

"ही माझी आई आहे, ग्लेन!" श्रेयस जवळजवळ ओरडला.

"ते कळलं आम्हाला. म्हणूनच तर मानलं. तिने तुझी स्तुती केली असती तर आम्ही सगळे शेरे कचऱ्यात टाकले असते." त्याने एक कागद पुढे सरकवला. आणखी एका वर्षाचं कंत्राट होतं.

संध्याकाळी श्रेयसने तो कागद जेवणाच्या टेबलावर आपटला. विमलबाई बॅग भरत होत्या. रविवारी त्यांचं विमान होतं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"पोटच्या मुलाची नोकरी कायम होऊ दिली नाहीस तू," श्रेयस म्हणाला.

"पोटचा आहेस म्हणून पस्तीस देऊ?" विमलबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "एका वर्षाने काही बिघडत नाही रे. सही केलीस का?"

"केली तिथेच. रागाच्या भरात."

"वाचून?"

विमलबाईंनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूच्या सातव्या कलमावर बोट ठेवलं. पुढच्या हंगामात क्लबच्या स्वतंत्र परीक्षकांना घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला आणणं, त्यांना चहा पुरवणं आणि त्यांच्या सूचना पाळणं ही जबाबदारी अ‍ॅनालिस्टची राहील, असं तिथे लिहिलं होतं. त्याखाली श्रेयसची सही होती.

विमलबाईंनी दोनशे पानी वही बॅगेतून बाहेर काढली आणि ती स्पृहाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"नोव्हेंबरात येतेच आहे," त्या म्हणाल्या. "उगाच वजन कशाला न्यायचं?"