शततारका कपाशीत उतरते

नाशिकच्या एका मंडळाचं पत्र आषाढात आलं होतं, आणि नवरात्र तोंडावर आलं तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. घरी बनवलेल्या अंतराळयानांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवणारी ही मंडळी. माझा हा छंद त्यांना वाचनालयाच्या कुणा जुन्या वाचकानं कळवलेला. "आपल्या यानाचा फोटो व माहिती पाठवावी," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. पण 'आपल्या यानाचा' हे दोन शब्द वाचूनच मला घाम फुटला! मोताळ्याच्या वाचनालयात मी जन्मभर पुस्तकांना नंबर चिकटवले. माणसांशी बोलायची वेळ आली, की 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवून मोकळा झालो. असल्या माणसानं नाशिकला काय म्हणून कळवायचं?

मात्र यंदा मी ठरवलंच! असं यान बनवायचं, की नाशिककरांनी खुर्चीत सरळ होऊन बसावं. नावही ठरलं, 'शततारका'! ही घोषणा मी दार लावून, एकट्यानंच केली. तरी स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती शालूबाईंचा आवाज आलाच.

"कोनाशी बोलून राह्यले?"

"कोणाशी नाही!"

"मंग हळू बोला."

यान उतरलं मात्र देखणं! धड प्लास्टिकच्या पाइपाचं, खिडक्या औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या, अँटेना संपलेल्या रिफिलींच्या. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा भरायची. भिंगातून पाहत सुईच्या टोकानं रिवेट उमटवायचे. एक रिवेट वाकडा गेला, तर माझं जेवण वाकडं जायचं.

अडलं फक्त इंजिन. तेही नजीरभाईंनी सोडवलं. त्यांचं कपाशीचं वावर आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे. बोंडअळीचे पतंग धरायला त्यांनी पिवळे सापळे आणले होते. त्यातल्या एकाचं झाकण फुटलं. "घ्या सर, तुमच्या विमानाले," म्हणत त्यांनी तो भिंतीवरून दिला. आत काय सुंदर नरसाळं! रॉकेटचं इंजिन दुसरं कसं असतं? सोबत चंदेरी कागदात वाटाण्याएवढं एक रबरी बूच होतं. ते नरसाळ्याच्या तोंडात बसलं, तशी मला अणुभट्टीच मिळाली! कागदावर बारीक छपाई होती. भज्यांच्या पुड्याचा कागदही उलटसुलट वाचणारा मी. पण नेमकी तेव्हा चष्म्याला पुट्टी लागली होती. कागद कचऱ्यात गेला.

संध्याकाळी शेवटचा चंदेरी हात मारला, यान गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवलं आणि उद्या नाशिकला पत्र टाकायचंच, असं म्हणून झोपलो.

सकाळी शालूबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवो, तुमच्या विमानाले तं मिशा फुटल्या!"

धावत वर गेलो. ओल्या रंगात बोटाच्या नखाएवढे करडे पतंग चिकटले होते! खिडक्यांवर पतंग, अँटेनांवर पतंग, आणि इंजिनाला तर लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर दात घासणारे जानराव कठड्यावरून वाकले. चिमटीत एक पतंग धरला, उन्हात पाहिला आणि तोंडातला फेस न थुंकताच खाली वावराकडे ओरडले, "नजीरभाईऽ! गुलाबी बोंडअळी आली रे! सराच्या घरावर पलटन उतरली!"

जानरावांच्या आवाजाला भोंग्याची गरज नसते. क्षणात गल्ली जागी झाली. नजीरभाई जिना चढून आले, यान पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"माह्या सापळ्यात तं एखाददुसरा बी नाही सापडत," ते पुटपुटले. "अन् सराच्या गच्चीवर एवढे! मंग वावरात किती असतीन?"

"बीटी आहे नं तुह्यी कपाशी?" जानरावांनी विचारलं.

"बीटीले आता अळी घाबरते का बे? आजच फवारतो! दोन-दोन औषधं एकत्र करून!"

त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी मुबीनाभाभी आल्या होत्या. त्या एकदम रडकुंडीला आल्या. गेल्या वर्षी अशीच मिसळ फवारून नजीरभाई बांधावर कोसळले होते. बुलढाण्याच्या दवाखान्यात डोळे उघडले, तेव्हा भाभींनाच "तुम्ही कोण?" म्हणून विचारत होते.

"मले ओळखत नव्हता हा मानूस!" भाभी म्हणाल्या. "सर, तुम्ही सांगा. हा तुमचंच आयकते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा खाकरला. आणि पाटीकडे बोट दाखवायची सवय इतकी घट्ट, की बोट आपोआप वर गेलं. तिथं पाण्याची टाकी होती.

"हां, पंपात पानी भराले पाह्यजे!" नजीरभाई म्हणाले आणि तडक खाली उतरले.

भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, की यानात बसून निघून जावंसं वाटलं!

मी तिथंच यानाकडे पाहत उभा राहिलो. सगळ्या गर्दीचं तोंड इंजिनाकडे, ते का? बरोबर त्या रबरी बुचाभोवती? डोक्यात काहीतरी चमकलं. मी खाली धावलो आणि कचऱ्याचा डबा उपडा केला!

"आता कचऱ्याचं बी विमान करता का?" शालूबाई किंचाळल्या.

चहाच्या चोथ्यात तो चंदेरी कागद सापडला. धोतरालाच पुसून वाचला. 'गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगांना आकर्षित करणारी मादीच्या गंधाची गोळी. उघड्या हातांनी हाताळू नये.' मी दोन्ही हात पुन्हा धोतराला पुसले! पतंगांनी हल्ला केला नव्हता. मीच त्यांना आमंत्रण धाडलं होतं!

गच्चीवरून यान उचललं आणि मागच्या दारानं वावरात घुसलो. कपाशी कमरेएवढी. पुढं नजीरभाई, पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल! सरी-सरीनं धावताना वाक्य घोकत होतो, 'नजीरभाई, एक खुलासा करायचा आहे.' जवळ पोचलो आणि वाक्य विसरलो! तोंड उघडं, आवाज नाही. शेवटी यानच छातीशी धरून नळीसमोर उभा राहिलो.

"सर, बाजूले व्हा! अंगावर उडन!"

मी मान हलवली. त्यांनी पंपाचा दांडा दाबला. आणि चाळीस वर्षं पाटीमागे लपलेला आवाज एकदम बाहेर पडला.

"थांबा! हे पतंग मी बोलावले!"

नळी थांबली. बांधावर जमलेल्या माणसांत जानरावही होते. "तुम्ही? काऊन?"

"मुद्दाम नाही! इंजिनात मादीचा वास बसवला होता!"

बांधावर अशी शांतता पसरली, की वाचनालयात कधी पसरली नव्हती. मग शालूबाईंचा आवाज आला.

"कोन्या मादीचा?"

मी कागद पुढे केला. नजीरभाईंनी तो वाचला, पंप उतरवला आणि वावरात शिरले. इथलं बोंड फोड, तिथलं फोड. भाभी ओढणीचं टोक दातात धरून उभ्या. शेवटी ते परतले.

"बोंडं साफ आहेत. अळी अजून आत शिरली नाही." मग हसायलाच लागले. "नव्या सापळ्याचं झाकन फुटलं, अन् त्यातली ताजी गोळी तुम्हाले गेली, सर! बाकी सापळ्यांत मी गेल्या सालच्याच गोळ्या लटकवून बसलो. पतंग कशाले येतीन?"

भाभींनी पंपाची नळी काढली आणि ओढणीत गुंडाळून घरी नेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही!

मला वाटलं, आता यान पुसून फोटो काढावा. नजीरभाईंनी मात्र ते माझ्या हातून घेतलं.

"नव्या गोळ्या येईपर्यंत हेच ठेवतो. अन् ताज्या आल्या तरी हे काढत नाही. याच्याएवढे पाव्हने दुसरं कोन बोलावते?"

त्याच दुपारी त्यांनी शततारका बांबूला टांगली. रिवेट गेले, खिडक्या गेल्या, अँटेना जानरावांच्या शेळीनं खाल्ली.

संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि पहिल्यांदाच खाडाखोड न करता लिहिलं:

'सप्रेम नमस्कार. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. आमचं यान सध्या कपाशीत कामावर आहे. पीक निघेपर्यंत त्याला सुटी मिळणार नाही, म्हणून प्रदर्शनास पाठवू शकत नाही. प्रवासी भरपूर आहेत. सगळे पुरुष. आजवर एकही उतरलेला नाही.'

वाचून पाहिलं, तर उगाच मोठेपणा केल्यासारखं वाटलं. पण शालूबाईंनी तोवर तिकीट चिकटवलं होतं, आणि मला हाताला धरून टपालपेटीपर्यंत नेऊन, पत्र आत पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय सोडलं नाही.