येडशीच्या फवाऱ्याची मोहीम

श्री जलदेवता प्रसन्न. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे, घरातले नळ बंद असल्याची खातरजमा करावी, आणि मग पुढील वर्तमान श्रवण करावे. मौजे येडशी, जिल्हे धाराशिव, येथे राजश्री कल्याणप्पा, एसटी स्थानकाचे माजी वाहतूक नियंत्रक, यांजवर भर वैशाखात जे अरिष्ट गुदरले आणि त्यांनी जी शर्थ केली, ती येणेप्रमाणे.

कल्याणप्पांचा आवाज थोर. नोकरीत असता भोंग्याविना गाडी पुकारीत, तो पुकारा ऐकून फलाटाच्या टोकास निजलेला उतारू उठून दुसऱ्याच गाडीत बसे. ऐसा पुरुष निवृत्त होऊन घरी आला आणि हुकूम सोडावयास कोणी उरले नाही, म्हणून त्यांनी नवे न्हाणीघर बांधिले, त्यास गुलाबी फरशी जडविली आणि वरी चकचकीत फवारा बसविला. मग कन्या महेश्वरी इचा साखरपुडा आळंदास जाहला, ते समयी होणारे व्याही राजमान्य पंचाक्षरी यांनी भर पंगतीत आपल्या परदेशी फवाऱ्याची तारीफ केली, ती कल्याणप्पांस साहवली नाही, आणि ते भलत्या जोमात बोलून गेले जे, आमच्या फवाऱ्याखाली एकदा उभा राहिलेला माणूस पुन्हा बादलीकडे पाहत नाही. व्याह्यांनी बोल मनात धरिला.

इकडे बोअरच्या वाटे गनीम चालून येत होता. क्षार त्याचे नाव. तो मोटारीवर स्वार होऊन पाताळातून टाकीत उतरे, टाकीतून पाइपात शिरे, आणि जेथे पाणी वाळे तेथे पांढरे निशाण रोवी. बादल्या त्याने घेतल्या, तोट्या घेतल्या, गीझर घेतला, आणि मग फवाऱ्यास वेढा घालून एकेक छिद्र बुजवीत नेले, ते कडेचे एकच उरले. त्यातून जी धार निघे ती कल्याणप्पांच्या मस्तकी न पडता झरोक्यातून तिरपी बाहेर जाई आणि शेजारी हनीफ ड्रायव्हर यांच्या पडवीच्या पत्र्यावर पडे. तेथे हनीफ यांचे कुटुंब सरदारबी यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. बाईंनी अंगणातूनच तक्रार गुदरली:

"कल्याणप्पा भावजी, माणसं न्हाणीत न्हातेत. तुमी आमच्या कुरडयांला न्हाऊ घालताव व्हय?"

हा घाव ताजा असतानाच मोबाईलवर आळंदहून व्याह्यांचा खलिता पातला. मजकूर इतकाच की, उद्या सकाळच्या गाडीने येतो, आंघोळ तुमच्याकडेच करीन. कल्याणप्पांनी तो उभ्याने वाचला आणि मग बसून वाचला. लेकीचे सासरे, आणि त्यांच्यापुढे बादली ठेवावी काय!

मग मसलत बसली. हनीफ ड्रायव्हर कुमकेस आले, कारण कुरडयांचा जाब त्यांनाही घरी द्यावयाचा होता. त्यांनी स्टुलावर चढून गोधडीची सुई छिद्रांत घातली, आणि सुई तेथेच मोडून गनिमास सामील जाहली. तेव्हा सौभाग्यवती इरम्मा बोलिल्या की, तांब्याची भांडी चिंचेने स्वच्छ निघतात, तर हा फवारा का निघू नये. कल्याणप्पांनी तत्काळ फर्मावले जे, घरातील यच्चयावत चिंच हजर करावी.

"वरसाची चिंच हाय," इरम्मा डबा पोटाशी धरून म्हणाल्या. "सगळी न्हाय देणार. मग सार कशाचं करू, तुमच्या मिशीचं?"

अखेर निम्म्या डब्यावर तह जाहला. चिंच कोळून पिशवीत भरिली, पिशवी फवाऱ्याच्या मुखास चढविली आणि परकराच्या नाड्याने आवळली. रात्रभर ती तशीच लोंबत राहिली. प्रातःकाळी कल्याणप्पांनी स्वहस्ते नाडा सोडिला, नळ फिरविला, आणि पाहतात तो चिंचेच्या शिरा छिद्रात बसून उरलेले एक छिद्रही बंद! आता एक थेंबही येईना. कुरडया तेवढ्या वाचल्या.

गाडीची वेळ जवळ आली. मग कल्याणप्पांनी हुकूम केला की, फवारा मुळासकट उतरवावा. हनीफ यांनी पाना लाविला आणि जोर केला, कल्याणप्पांनी हनीफ यांची कंबर धरून जोर केला, आणि मग एक आवाज ऐसा जाहला की इरम्मांच्या हातची पोळी तव्याबाहेर पडली. फवारा आला. फवाऱ्यामागून पाइपाचा तुकडा आला, तुकड्यामागून गुलाबी फरशी आली, आणि फरशीमागून टाकीचे सारे पाणी येऊ लागले. व्हॉल बंद करावयास धावले, तो व्हॉलही क्षाराने जागीच चिणलेला. तेव्हा हनीफ यांनी स्वयंपाकघरातून भरावयास काढलेले एक जाड वांगे उचलिले, गच्चीवर धाव घेतली, टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाच्या पाइपाच्या तोंडात वांगे ठोकिले. पाणी थांबले.

तेच क्षणी दारात पंचाक्षरी उभे. पायरीवरून वाहणारा ओघ त्यांच्या वहाणांखालून जात होता. कल्याणप्पा चिंब, एका हाती फवारा, दुसऱ्या हाती फरशी. जन्मभर गाव हलविणारा आवाज ते वेळी कोठे गेला कोण जाणे.

"घर धुवायलाव काय?" पंचाक्षरी म्हणाले. "बरं हाय. गाडीत लई उकडलं बघा. आदी आंघोळ."

आणि टॉवेल खांद्यावर टाकून ते आत शिरले. कडी लागली. आता परत फिरणे नाही हे जाणून कल्याणप्पा अंगणात आले, छाती भरून श्वास घेतला आणि गच्चीकडे तोंड करून पुकारले:

"हनीफभाई! वांगं काढा!"

तो पुकारा स्टेशनापर्यंत गेला. वांगे निघाले. भिंतीच्या खिंडारातून मनगटाएवढी धार सुटली ती थेट व्याह्यांच्या टाळूवर. आत किंकाळी जाहली, आणि अंगणात कल्याणप्पांनी डोळे मिटले.

"अगागा!" आतून आवाज आला. "रामलिंगाच्या धबधब्याखाली हुबारल्यावानी वाटायलंय! आप्पा, तुमी म्हणला ते खरं हाय. आमचा परदेशी फवारा कवाच बंद पडला. दोन वरसं बादलीच चाललीय. तिकडं कुणाला बोलू नका."

हे ऐकून कल्याणप्पांची मिशी आपोआप वर जाहली. इरम्मांनी पदर तोंडास लाविला. गच्चीवर हनीफ ड्रायव्हर वांगे हाती धरून पुढील हुकमाची वाट पाहत राहिले, कारण पाणी थांबवावे केव्हा हे कोणी सांगितले नव्हते आणि व्याही काही बाहेर येईनात.

मग गनिमाशी तह ठरला तो ऐसा: पाइपाची आतली बाजू क्षाराकडे कायम, बाहेरील मुलूख कल्याणप्पांचा. नवा व्हॉल येईतो टाकीची किल्लेदारी वांग्याकडे. फवारा कोठे, हे पाहुण्यांनी पुसू नये. पुसल्यास महेश्वरीच्या माहेरचा रिवाज म्हणून सांगावे. सरदारबींस ताज्या कुरडया घालून द्याव्या आणि इरम्मांनी स्वतः चीक हाटावा.

बहुत काय लिहावे. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली. शाई ओली आहे आणि न्हाणीघराची भिंतही ओली आहे. हात लावताना जपावे.