ता. क. फ्रिज अजून गुरगुरतो

चष्मेवाल्याच्या न्यूजलेटरचं नाव 'नजर'. दर रविवारी ते गिऱ्हाइकांना ईमेलने जाई. काच कशी पुसावी, दांडी सैल झाली तर काय करावं, असलं काहीबाही त्यात असे. पण सगळा खटाटोप होता एका वाचकासाठी. बायकोची बदली दूरच्या शहरात झाल्यापासून फोनवरचं बोलणं 'जेवलात का?' आणि 'जेवलो' एवढ्यावर आटलं होतं. फोनवर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसत. म्हणून तो न्यूजलेटरच्या तळाशी ता. क. लिही : 'कुंडीतल्या झाडाला नवं पान आलं.' सोमवारी तिचं ईमेल येई : 'पाणी बेताने घाला.' तेवढ्यावर त्याचा आठवडा निघे.

मग न्यूजलेटरच्या कंपनीने कात टाकली. ईमेल मागे पडलं, ॲप आलं. वाचकांचे फॉलोअर झाले, उत्तरांच्या प्रतिक्रिया झाल्या. लेखातली सर्वांत 'पकड घेणारी' ओळ कंपनी आपणहून चव्हाट्यावर मांडू लागली. त्या रविवारी त्याने कोरड्या डोळ्यांवर भलामोठा लेख लिहिला होता. कंपनीने उचलली ती शेवटची ओळ : 'फ्रिज अजून गुरगुरतो.'

दुपारपर्यंत ओळ जगभर झाली. "केवढा एकटेपणा आहे हा!" कुणीतरी लिहिलं. "एकटेपणा कसला, कॉम्प्रेसर गेलाय," दुसऱ्याने खोडून काढलं. तट पडले, एकमेकांच्या अकला काढल्या गेल्या. सोमवारी त्या गर्दीत बायकोची ओळ शोधता शोधता चष्मेवाल्याच्याच डोळ्यांना पाणी सुटलं. ती काही सापडली नाही. शेवटी उगाच कुणी दुखावायला नको, म्हणून त्याने 'सर्वांना हृदय द्या' हे बटण दाबून टाकलं.

मंगळवारी दुकानात एक गृहस्थ अवजारांची पेटी घेऊन उभे राहिले.

"फ्रिजवाले तुम्हीच ना?"

"मी चष्मेवाला."

"तेच ते. मी फ्रिज दुरुस्त करतो. फॉलोअर आहे तुमचा."

"अहो, राहू द्या. चालतोय तो."

"चालतोय काय! लोक रडतायत तिकडे!"

घरी जाऊन मेकॅनिकने फ्रिजच्या आखूड पायाखाली रबराचा तुकडा सरकवला. गुरगुर थांबली. पैसे घेतले नाहीत, फ्रिजला मिठी मारून फोटो तेवढा काढून घेतला. तोही जगभर झाला. स्वयंपाकघर मात्र इतकं शांत झालं, की चष्मेवाला बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, फ्रिज दुरुस्त केलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ऑफिसात दुसरा विषय नाही. तो फ्रिज माझा आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

"सोमवारी तुझं उत्तर नाही आलं."

"दिलं की! तुम्ही त्याला हृदयसुद्धा दिलंत."

चष्मेवाला ओशाळला. "काय लिहिलं होतंस?"



"दुरुस्त करू नका, असं लिहिलं होतं. इथे खोलीत फार शांत असतं हो. ती गुरगुर कानावर पडल्याशिवाय घरी आल्यासारखं नाही वाटायचं मला. शनिवारी येतेय, तेही लिहिलं होतं."

फोन ठेवून चष्मेवाला फ्रिजपुढे पालथा पडला आणि चष्म्याच्या पेचकसाने रबराचा तुकडा उकरून काढला. फ्रिज गप्पच. मग त्याने उठून त्याला एक लाथ घातली.

फ्रिज गुरगुरला.

त्या रविवारच्या 'नजर'ला ता. क. नव्हता. कंपनीने 'काच कोरड्या फडक्याने पुसू नये' ही ओळ चव्हाट्यावर मांडली. तिला एकही हृदय मिळालं नाही.